हिप्पोकॅम्पस, सायनॅप्सची लवचीकता आणि स्मृती : एलटीपीविषयीचे पुरावे कुठवर पोचतात?

आरोहक (धागालेखक)

स्मृती मेंदूत कशी साठते, या प्रश्नाचे पाठ्यपुस्तकी उत्तर आता बहुतेकांना तोंडपाठ असते : दोन चेतापेशींमधला जोड, म्हणजे सायनॅप्स, अनुभवाने बळकट होतो आणि ही बळकटी म्हणजेच आठवण. लोकप्रिय लेखनात हे विधान इतक्या ठामपणे केले जाते की त्यामागे पन्नास वर्षांचे प्रयोग आणि जवळजवळ तितक्याच वर्षांचे मतभेद आहेत, याचा वाचकाला पत्ताही लागत नाही. हे प्रयोग नीट पाहिले, तर शिकण्याच्या वेळी सायनॅप्स बदलावे लागतात या म्हणण्याला भक्कम आधार मिळतो. मात्र ती आठवण पुढे महिनोन्‌महिने त्या बळकटीतच टिकून असते का, हा निराळा प्रश्न आहे आणि त्याचा आधार तेवढा भक्कम नाही, असे माझे मत झाले आहे. जाणकारांनी यात भर घालावी आणि जे पटणार नाही ते खोडून काढावे, यासाठी हा धागा काढत आहे.

सगळ्यांचे लक्ष हिप्पोकॅम्पसकडे, म्हणजे मेंदूच्या आतल्या बाजूच्या एका छोट्या भागाकडे, वळले ते एका रुग्णामुळे. १९५३ साली हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणावर विल्यम स्कोव्हिल यांनी अपस्माराच्या झटक्यांसाठी शस्त्रक्रिया केली आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग, शेजारच्या ऊतींसह, काढून टाकला. झटके कमी झाले, पण नव्या घटना लक्षात ठेवण्याची मोलेसन यांची क्षमता गेली ती कायमची. ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली, तेव्हा तीन दिवसांत त्यांचा हात चांगलाच सरावला. मात्र आपण हे आधी कधी केले आहे, हे त्यांना एकदाही आठवत नव्हते. घटनांची आठवण आणि हाताचे कौशल्य यांची मेंदूतली ठिकाणे वेगळी असली पाहिजेत, हे इतक्या स्पष्टपणे आधी दिसले नव्हते. १९५७ साली स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि स्मृतीचा शोध घेणारे हिप्पोकॅम्पसकडे वळले.

पण ठिकाण कळले म्हणजे यंत्रणा कळली असे होत नाही. डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये असे सुचवले होते की एक चेतापेशी दुसरीला उद्दीपित करण्यात वारंवार सहभागी होत असेल, तर त्या दोघींमधला जोड अधिक परिणामकारक होत असावा. हे अनुमानच होते. प्रत्यक्ष दाखला मिळाला तो ओस्लोमध्ये, पेर अँडरसन यांच्या प्रयोगशाळेत. तिथे तेर्ये लोमो यांना १९६६ मध्ये त्याची पहिली चाहूल लागली आणि टिम ब्लिस यांच्यासोबत केलेले सविस्तर काम १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले.

तो प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. भूल दिलेल्या सशाच्या मेंदूत, हिप्पोकॅम्पसकडे येणाऱ्या तंतूंच्या एका जुडग्याला मधूनमधून एकेक सौम्य विद्युतस्पंद द्यायचा आणि पलीकडच्या डेंटेट गायरस या हिप्पोकॅम्पसच्याच भागातल्या पेशींचा प्रतिसाद मोजायचा. प्रतिसाद स्थिर आहे याची खात्री पटली, की त्याच तंतूंना स्पंदांची एक जलद मालिका द्यायची : सेकंदाला १० ते २० स्पंद, १० ते १५ सेकंद; किंवा सेकंदाला १००, तीन ते चार सेकंद. त्यानंतर पुन्हा पूर्वीसारखाच एकेक सौम्य स्पंद. आता त्याच स्पंदाला मिळणारा प्रतिसाद आधीपेक्षा मोठा होता आणि तो मोठाच राहिला. १८ पैकी १५ सशांमध्ये ही वाढ अर्ध्या तासापासून दहा तासांपर्यंत टिकली. काही सेकंदांच्या घटनेने काही तासांचा बदल घडवला होता. या बदलालाच पुढे एलटीपी (लाँग-टर्म पोटेन्शिएशन, म्हणजे दीर्घकालीन बळकटी) हे नाव मिळाले.

१९८३ मध्ये ग्रॅहम कॉलिंग्रिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की एपी५ हे रसायन एनएमडीए नावाच्या ग्राहीला (संदेशाचे रसायन टिपणाऱ्या, पेशीवरच्या प्रथिनाला) अडवते तेव्हा एलटीपी घडत नाही, पण रोजचे संदेशवहन मात्र बिनबोभाट चालू राहते. हा फरक प्रयोगकर्त्यांच्या फार कामाचा होता, कारण शिकण्याची सोय तेवढी बंद करून बाकीचा मेंदू चालू ठेवता येईल, अशी आशा त्यातून निर्माण झाली. रिचर्ड मॉरिस यांनी १९८६ मध्ये नेमके तेच केले. पांढरट, अपारदर्शक पाण्याने भरलेल्या गोल टाकीत, पृष्ठभागाच्या किंचित खाली एक चौथरा दडवलेला असतो आणि उंदराला आजूबाजूच्या खुणांवरून त्याची जागा लक्षात ठेवावी लागते. मेंदूत एपी५ सोडलेल्या उंदरांना ही जागा शिकणे जड गेले, परंतु दिसणाऱ्या खुणांमधला फरक ओळखणे त्यांना जमत होते.

इथवरची गोष्ट सरळ आहे. २००० साली मार्टिन, ग्रिमवुड आणि मॉरिस यांनी मात्र स्वतःच्याच क्षेत्राला चार कसोट्या घालून दिल्या. शिकल्यावर सायनॅप्समधला बदल प्रत्यक्ष सापडला पाहिजे; बदल रोखला तर शिकणे अडले पाहिजे; झालेला बदल नंतर पुसला तर आठवण जायला हवी; आणि शेवटी, कोणताही अनुभव न देता केवळ सायनॅप्स बदलून खोटी आठवण निर्माण करता आली पाहिजे. मॉरिस यांचा १९८६ चा प्रयोग यातल्या दुसऱ्या कसोटीपुरताच आहे. उरलेल्या तीन कसोट्यांचे काय झाले, यावर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

कालिंदी

धागा आवडला. मला एका मूलभूत गोष्टीचा खुलासा हवा आहे. एनएमडीए ग्राही अडवला तर एलटीपी घडत नाही पण नेहमीचे संदेशवहन चालू राहते, असे तुम्ही लिहिले आहे. संदेश पोचवणारे रसायन दोन्ही वेळी ग्लुटामेटच असेल, तर हा ग्राही एरवी गप्प का बसतो आणि जलद मालिकेच्या वेळीच जागा का होतो?

आरोहक (धागालेखक)

कालिंदी, या प्रश्नाचे उत्तर १९८४ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दिले आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयातला तो सर्वांत देखणा भाग आहे.

ग्लुटामेट पलीकडच्या पेशीवर दोन प्रकारच्या ग्राहींना जाऊन चिकटते. त्यातला एएमपीए ग्राही ग्लुटामेट चिकटताच उघडतो, सोडियम आत घेतो आणि रोजचे काम उरकतो. एनएमडीए ग्राहीलाही ग्लुटामेट चिकटते, पण पेशी विश्रांत स्थितीत, म्हणजे साधारण उणे ७० मिलिव्होल्टला असताना त्याच्या मार्गिकेत मॅग्नेशियमचा आयन अडकून बसलेला असतो, त्यामुळे ग्राही उघडला तरी आत काही जात नाही. पलीकडची पेशी स्वतः पुरेशी उद्दीपित झाली, तिचा अंतर्भाग कमी ऋण झाला, की तो मॅग्नेशियम बाहेर ढकलला जातो आणि कॅल्शियमला वाट मिळते. म्हणजे अलीकडच्या पेशीने ग्लुटामेट सोडलेले असणे आणि त्याच वेळी पलीकडची पेशी जागी असणे, या दोन्ही गोष्टी जुळून आल्या तरच कॅल्शियम आत शिरते. हेब यांनी ३५ वर्षांपूर्वी केवळ तर्काने मांडलेली अट एका रेणूच्या रचनेतच पाळली जात होती.

आत आलेले कॅल्शियम सीएएमके-२ या विकराला (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला) जागे करते. या विकराचे बारा घटक एकत्र जुळलेले असतात आणि ते एकमेकांना फॉस्फेट जोडतात, त्यामुळे कॅल्शियम ओसरल्यानंतरही विकर काही काळ जागाच राहतो. परिणामी अधिक एएमपीए ग्राही त्या सायनॅप्सच्या पृष्ठभागावर येऊन टिकतात आणि डेंड्राइटवरचा, म्हणजे पेशीच्या संदेश घेणाऱ्या फांदीवरचा, ज्या इवल्याशा काट्यावर तो सायनॅप्स असतो तो काटाही आकाराने फुगतो. मात्सुझाकी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये लेझरच्या साहाय्याने एकाच काट्यावर ग्लुटामेट मोकळे करून, शेजारच्या काट्यांना धक्का न लावता, नेमका तोच फुगताना दाखवला.

कॅल्शियम थोडेच पण रेंगाळत आले तर उलटा परिणाम होतो. ड्यूडेक आणि बेअर यांनी १९९२ मध्ये सेकंदाला एक या संथ गतीने ९०० स्पंद दिले, तेव्हा जोड कमकुवत झाला. ही एलटीडी (लाँग-टर्म डिप्रेशन, म्हणजे दीर्घकालीन क्षीणता). बळकटी आणि क्षीणता या दोन्ही वाटा एकाच ग्राहीतून निघतात.

तिसरी मिती

आरोहक यांनी यंत्रणा उत्तम मांडली आहे, पण दुसऱ्या कसोटीविषयी ते जरा घाईने पुढे गेले असे वाटते. मॉरिस यांच्या प्रयोगानंतरचे निष्कर्ष इतके सरळ नाहीत आणि त्यातले काही तर मॉरिस यांच्याच सहकाऱ्यांचे आहेत.

१९९५ मध्ये बॅनरमन आणि सहकाऱ्यांनी उंदरांना आधी एका पाण्याच्या टाकीत सराव दिला आणि मग एपी५ देऊन दुसऱ्या खोलीतल्या वेगळ्या टाकीत उतरवले. एनएमडीए ग्राही अडवलेले असूनही या उंदरांनी नवी जागा शिकून घेतली. सॉसिअर आणि केन यांनी त्याच वर्षी असेच काही दाखवले. मग १९८६ मध्ये नेमके काय बिघडले होते? जागेची स्मृती, की पोहताना टाकीच्या कडेने न फिरता शोध घ्यायचा असतो ही समज? सराव नसलेल्या उंदरात या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत.

पुढे १९९९ मध्ये झमानिल्लो आणि सहकाऱ्यांनी एएमपीए ग्राहीचा एक घटक नसलेले मूषक (उंदरांपेक्षा लहान जात, माउस) तयार केले. प्रौढ वयात त्यांच्या हिप्पोकॅम्पसच्या सीए१ भागात नेहमीच्या पद्धतीने एलटीपी घडवता येत नव्हती, तरीही ते पाण्यातली जागा व्यवस्थित शिकत होते. २०१२ मध्ये बॅनरमन यांच्या गटाने डेंटेट गायरस आणि सीए१ या दोन्ही ठिकाणचे एनएमडीए ग्राही काढून टाकलेले मूषक तपासले. तेही दडवलेला चौथरा शिकले. ते अडखळले कुठे, तर सारख्या दिसणाऱ्या दोन खुणांपैकी कोणती खरी, हे जागेवरून ठरवायचे होते तिथे. यावरून त्यांनी असा अर्थ काढला की हिप्पोकॅम्पसमधले हे ग्राही जागेचे ज्ञान साठवण्यापेक्षा संदिग्ध परिस्थितीत योग्य निवड करण्यासाठी लागतात.

हे निष्कर्ष गैरसोयीचे आहेत म्हणून पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतात. रसायनाने एखादी क्षमता बिघडली, एवढ्यावरून ते रसायन ज्या प्रक्रियेला अडवते तीच स्मृती, असे म्हणता येत नाही, एवढे माझे म्हणणे आहे.

आरोहक (धागालेखक)

तिसरी मिती, तुमचे आक्षेप रास्त आहेत आणि ते या धाग्यात यायलाच हवे होते. दोन मुद्दे मात्र जोडतो.

झमानिल्लो यांच्या मूषकांत एलटीपी मुळीच नव्हती, हे विधान पुढे टिकले नाही. हॉफमन, स्प्रेंगल आणि साकमान यांनी २००२ मध्ये, प्राणी फिरताना हिप्पोकॅम्पसमध्ये जो थीटा ताल असतो त्याच्याशी मिळतीजुळती उद्दीपनपद्धत वापरली, तेव्हा त्याच मूषकांत हळूहळू वाढत जाणारी एलटीपी सापडली. शिवाय नुकतीच भेट दिलेली वाट टाळण्यासारख्या, अल्पकाळ लक्षात ठेवण्याच्या कामात हे मूषक कमी पडतात, हेही पुढे दिसून आले. प्रयोगशाळेत एका ठरावीक पद्धतीने एलटीपी घडली नाही, म्हणून जिवंत प्राण्यात ती घडतच नसेल असे गृहीत धरण्यात धोका आहे.

दुसरे म्हणजे, औषधे आणि जनुकबदल यांच्या पलीकडचाही एक मार्ग होता. एडवर्ड आणि मे-ब्रिट मोझर यांनी मॉरिस यांच्यासोबत १९९८ मध्ये हिप्पोकॅम्पसमधली एलटीपी आधीच कमाल मर्यादेपर्यंत नेऊन ठेवली, म्हणजे आणखी बळकट होण्यास वावच उरला नाही. ज्या उंदरांत ही मर्यादा खरोखर गाठली गेली होती ते पुढे जागा शिकू शकले नाहीत. ज्यांच्यात वाव शिल्लक होता ते शिकले. इथे कोणताही ग्राही अडवलेला नव्हता.

पहिल्या कसोटीचे उत्तर तर मला बरेच समाधानकारक वाटते. व्हिटलॉक, बेअर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये उंदरांच्या सीए१ भागात अनेक विद्युतअग्रे बसवली. उंदराला एका कप्प्यात शिरल्यावर सौम्य धक्का बसला आणि एकाच अनुभवात तो ते ठिकाण टाळायला शिकला. त्यानंतर काही मोजक्या अग्रांवर प्रतिसाद वाढलेला दिसला, सगळ्यांवर नाही. नेमक्या त्याच जागी नंतर कृत्रिम एलटीपी घडवू पाहिली तर ती कमी घडली, कारण वाढीचा काही भाग शिकण्याने आधीच खर्ची पडला होता. शिकणे आणि एलटीपी एकच साठा वापरतात, याचा इतका थेट दाखला मला दुसरा माहीत नाही. हा बदल इतकी वर्षे न सापडण्याचे कारणही यातच आहे : तो थोड्याच सायनॅप्समध्ये होतो आणि सरासरीत हरवून जातो.

कवडसा

मी या क्षेत्राबाहेरचा वाचक आहे, पण वेळेचा हिशेब मला खटकतो. मॅग्नेशियम हटण्यासाठी दोन्ही पेशी जवळजवळ एकाच वेळी सक्रिय असाव्या लागतात, म्हणजे हे काम मिलिसेकंदांचे झाले. माणूस किंवा प्राणी ज्या गोष्टींची सांगड घालतो त्या तर सेकंदासेकंदांनी एकामागोमाग येतात. कोपरा वळल्यावर पाचसहा सेकंदांनी काही तरी दिसले, तर ते दोन्ही एकत्र कसे जोडले जातात?

सृजनिका

कवडसा यांचा प्रश्न बिनतोड आहे आणि तो या क्षेत्राला बरीच वर्षे सतावत होता. गुओ-छियांग बी आणि मू-मिंग पू यांनी १९९८ मध्ये हिप्पोकॅम्पसच्या संवर्धित पेशींत दाखवले की अलीकडची पेशी पलीकडच्या पेशीच्या आधी सुमारे २० मिलिसेकंदांच्या आत पेटली तर जोड बळकट होतो आणि क्रम उलटला तर क्षीण होतो. हा नियम फारच नेटका असल्यामुळे गणिती प्रतिमानांमध्ये त्याचा सर्रास वापर झाला, पण अनुभवाची लांबी त्यात मावत नव्हती.

२०१७ मध्ये बिटनर, मगी आणि सहकाऱ्यांचे काम आले आणि माझ्या मते गेल्या काही वर्षांत हिप्पोकॅम्पसविषयी इतके महत्त्वाचे दुसरे काही प्रसिद्ध झालेले नाही. जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये शोधलेल्या स्थानपेशी आपल्याला माहीत आहेतच : प्राणी एका विशिष्ट जागी आला की एक विशिष्ट पेशी पेटते. बिटनर यांनी धावत्या पट्ट्यावरच्या मूषकात पाहिले की आतापर्यंत गप्प असलेल्या सीए१ पेशीत एकदा लांबलचक विद्युत उभार आला, ज्याला पठारविभव म्हणता येईल, की पुढच्याच फेरीपासून ती पेशी त्या जागेची स्थानपेशी होऊन बसते. एका उभाराने किंवा अगदी थोड्या उभारांनी हे काम होते. आणि या उभाराच्या काही सेकंद आधी किंवा नंतर जे सायनॅप्स सक्रिय होते ते सगळे बळकट होतात, मग त्यांनी त्या पेशीला पेटवण्यात हातभार लावलेला असो वा नसो.

म्हणजे कालखंड सेकंदांचा आहे, पुनरावृत्तीची गरज नाही आणि हेब यांची मूळ अटही शब्दशः पाळली जात नाही. एकदाच घडलेला प्रसंग आपल्याला आठवतो, हे ज्यांना शंभर स्पंदांच्या मालिकेतून समजावून घेणे अवघड जात होते, त्यांना इथे पहिल्यांदा पटण्याजोगी वाट दिसते. हे पाहता ‘एलटीपी’ हा एकच शब्द आपण इतक्या निरनिराळ्या प्रक्रियांना सरसकट लावावा का, यावरही विचार व्हायला हवा.

ध्रुवमत्स्य

आतापर्यंतची चर्चा शिकण्याच्या क्षणाभोवती आहे. आरोहक यांनी सुरुवातीला दुसराच प्रश्न विचारला होता, आठवण टिकते कशावर, म्हणून तिकडे वळतो.

फ्रान्सिस क्रिक यांनी १९८४ मध्ये ही अडचण मोजक्या शब्दांत मांडली : प्रथिनांचे रेणू काही दिवसांत किंवा आठवड्यांत झिजून बदलले जातात, मग आयुष्यभराची आठवण कशाच्या आधारावर उभी राहते? सीएएमके-२ चे घटक एकमेकांना जागे ठेवतात, ही जॉन लिस्मन यांच्या विचाराशी जुळणारी यंत्रणा हे एक उत्तर. दुसरे उत्तर टॉड सॅक्टर यांचे पीकेएम-झीटा. हे विकर एकदा तयार झाले की सतत सक्रिय राहते. २००६ मध्ये पास्टालकोव्हा, सॅक्टर आणि सहकाऱ्यांनी पीकेएम-झीटाला अडवण्यासाठी झिप नावाचा रेणू उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये सोडला, तेव्हा प्रस्थापित झालेली एलटीपी उलटली आणि एक दिवस जुनी, जागेविषयीची आठवणही गेली. तिसरी कसोटी उत्तीर्ण झाली, अशी तेव्हा अनेकांची खात्री पटली होती.

२०१३ मध्ये दोन गटांनी पीकेएम-झीटा मुळातच नसलेले मूषक तयार केले. त्यांची एलटीपी ठीक होती, स्मृती ठीक होती, आणि कहर म्हणजे झिप दिल्यावर त्यांची स्मृतीही बिघडत होती, जरी झिपचे लक्ष्य त्यांच्यात अस्तित्वातच नव्हते. सॅक्टर यांच्या गटाने २०१६ मध्ये याला उत्तर दिले की जन्मापासून झीटा नसेल तर जवळचे दुसरे विकर त्याची जागा घेते, आणि २०२४ मध्ये किब्रा नावाचे प्रथिन पीकेएम-झीटाला बळकट झालेल्या सायनॅप्सपाशी धरून ठेवते असे दाखवले. यातला दुसरा निष्कर्ष मला क्रिक यांच्या प्रश्नाला खरोखर भिडणारा वाटतो, कारण रेणू बदलत राहिले तरी नव्या रेणूला योग्य जागी आणणारी खूण शिल्लक राहू शकते. पण झिप हा रेणू चेतापेशींची एकंदर क्रियाच दाबतो, असाही पुरावा दरम्यान पुढे आलेला आहे. त्यामुळे २००६ च्या प्रयोगात नेमके काय पुसले गेले, याविषयी मी साशंक आहे.

यात आणखी एक भर. ॲटार्डो, श्निट्झर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये जिवंत मूषकांच्या सीए१ मधले काटे आठवडेच्या आठवडे पाहिले आणि त्यांचे सरासरी आयुष्य एक ते दोन आठवड्यांचे निघाले. मेंदूच्या बाह्यकात (बाहेरच्या थरात) मात्र बरेच काटे दीर्घकाळ टिकतात. हिप्पोकॅम्पसमधले जोडच इतक्या लवकर बदलत असतील, तर तिथे जुन्या आठवणी कायमच्या ठेवलेल्या असण्याची शक्यता कमी दिसते. आठवण हळूहळू बाह्यकाकडे सोपवली जाते, या जुन्या कल्पनेशी हे जुळते.

सृजनिका

ध्रुवमत्स्य, तिसऱ्या कसोटीसाठी आता झिपवर विसंबून राहण्याची गरज नाही. गोटो, हायाशी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये कोफिलिन या प्रथिनाला अशी एक जोड दिली की प्रकाश पडताच ते निकामी होते आणि नुकताच फुगलेला काटा पूर्वीच्या आकाराला येतो. जुन्या, स्थिरावलेल्या काट्यांवर याचा परिणाम होत नाही. मूषक शिकल्यानंतर लगेच हिप्पोकॅम्पसवर प्रकाश टाकला तर आठवण गेली, आणि त्याच दिवशीच्या झोपेत टाकला तरीही गेली. दुसऱ्या दिवशीच्या झोपेत मात्र हिप्पोकॅम्पसवरच्या प्रकाशाचा परिणाम होईना. त्या वेळी अग्रभागीच्या सिंग्युलेट बाह्यकावर प्रकाश टाकल्यास आठवण बिघडत होती. बाह्यकाकडे सोपवणुकीचे जे वर्णन आपण ऐकत आलो, त्याचे वेळापत्रकच यात उलगडते आणि झोपेत दुसऱ्यांदा एलटीपी घडते हेही कळते.

कालिंदी

ही चर्चा वाचताना एक प्रश्न सतत मनात येतो आहे. माझ्या घरात अल्झायमरचा रुग्ण आहे आणि दिल्या जाणाऱ्या औषधांत मेमॅन्टिन आहे. ते एनएमडीए ग्राहीला अडवते असे मी वाचले. इथे सगळे सांगत आहेत की हा ग्राही शिकण्यासाठी आवश्यक आहे. मग स्मृतिभ्रंशात तोच अडवण्याचे कारण काय?

आरोहक (धागालेखक)

कालिंदी, हा विरोधाभास वरवरचा आहे. एपी५ ग्लुटामेटची जागाच अडवते, त्यामुळे योग्य क्षणीही ग्राही उघडत नाही. मेमॅन्टिन उघडलेल्या मार्गिकेत शिरते आणि तिथे फार घट्ट चिकटून बसत नाही. आजारात ग्लुटामेट सतत थोडे थोडे पाझरत राहून पेशींना इजा पोचते असे मानले जाते. ती संथ गळती मेमॅन्टिन कमी करते आणि खराखुरा जोरकस संदेश आला की बाजूला होते, अशी त्यामागची कल्पना आहे. त्याचा लाभ मर्यादित असतो आणि ते आजाराची वाटचाल थांबवत नाही. मात्रेविषयी किंवा ते चालू ठेवण्याविषयीचा कोणताही निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

आजाराचा आपल्या विषयाशी संबंध मात्र अगदी जवळचा आहे. २००८ मध्ये शंकर, सेल्को आणि सहकाऱ्यांनी अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूंतून अमायलॉइड-बीटाचे (या आजारात मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचे) विरघळणारे छोटे समूह वेगळे काढले आणि ते उंदरांच्या हिप्पोकॅम्पसवर वापरले, तेव्हा एलटीपी घटली, एलटीडी वाढली आणि काट्यांची घनता कमी झाली. पेशी मरण्याच्या कितीतरी आधी सायनॅप्सची लवचीकता जाते.

तिसरी मिती

याच संदर्भात दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहावेत, असे सुचवतो. दोन्ही सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेतले आहेत.

२०१५ मध्ये रायन आणि सहकाऱ्यांनी मूषक एका जागेला भ्यायला शिकत असताना डेंटेट गायरसमधल्या ज्या पेशी सक्रिय होत्या त्यांना प्रकाशसंवेदी प्रथिनाने चिन्हांकित केले आणि लगेच प्रथिननिर्मिती थांबवणारे ॲनिसोमायसिन दिले. अपेक्षेप्रमाणे त्या पेशींचे सायनॅप्स बळकट झाले नाहीत, काटे वाढले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी मूषकाला ती जागा ओळखता आली नाही. मात्र त्या चिन्हांकित पेशी प्रकाशाने पेटवल्या तेव्हा मूषक भीतीने थिजला. बळकटी नव्हती, आठवण होती. या पेशींचे हिप्पोकॅम्पसच्या सीए३ भागातल्या ठरावीक पेशींशी असलेले जोड शाबूत होते, म्हणून आशय कोण कोणाशी जोडलेला आहे यात असतो, तर बळकटी त्याच्यापर्यंत पोचण्याची वाट मोकळी ठेवते, असा निष्कर्ष त्यांनी मांडला.

पुढच्याच वर्षी रॉय आणि सहकाऱ्यांनी अल्झायमरच्या सुरुवातीच्या अवस्थेतले मूषक घेतले. त्यांनाही जागा आठवत नव्हती आणि प्रकाशाने पेशी पेटवल्यावर आठवत होती. मग त्यांनी त्या पेशींकडे येणाऱ्या तंतूंमध्ये प्रकाशाच्या साहाय्याने एलटीपी घडवली. काटे परत आले, आणि त्यानंतर मूषकाला ती जागा प्रकाशाविनाही आठवू लागली.

सुरुवातीला मी जे आक्षेप घेतले त्यांचा हेतू एलटीपीचे महत्त्व नाकारण्याचा नव्हता. तिला आठवणीचा साठा म्हणावे की साठ्याकडे जाणारी वाट म्हणावे, हा माझा प्रश्न होता, आणि हे दोन प्रयोग मला दुसऱ्या उत्तराकडे झुकवतात.

ध्रुवमत्स्य

रायन यांच्या प्रयोगाचा आणखी एक अर्थ लावता येतो. ॲनिसोमायसिनने बळकटी शंभर टक्के रोखली होती का? चिन्हांकित पेशींपैकी थोड्या जोडांमध्ये मोजणीत न सापडणारा बदल उरला असेल, तर प्रकाशाने सगळ्या पेशी एकदम पेटवल्यावर तेवढाही पुरेसा ठरेल. शिवाय जे जोड शाबूत राहिले म्हणतात ते शिकण्यापूर्वी होते, की शिकताना नव्याने निवडले गेले? निवडले गेले असतील, तर ती निवडही एका प्रकारची लवचीकताच ठरते.

आरोहक (धागालेखक)

दोघांचेही म्हणणे विचारात घेतले, तर सगळा भार चौथ्या कसोटीवर येऊन पडतो. तिच्या सर्वांत जवळ गेलेला प्रयोग नाबावी, मॅलिनो आणि सहकाऱ्यांचा, २०१४ चा. आवाजाऐवजी श्रवणमार्गातल्या तंतूंवर प्रकाश टाकून उंदराला तो धक्क्याशी जोडायला शिकवले. मग एलटीडी घडवून ती भीती घालवली आणि एलटीपी घडवून ती परत आणली. पण तो ॲमिग्डालात, म्हणजे भीतीशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागात झाला, तिथे दोन गोष्टींची एक साधी जोडी असते आणि मूळ शिकवण प्रत्यक्ष अनुभवातूनच दिलेली होती.

हिप्पोकॅम्पसमध्ये हे करायचे तर उंदीर कधीच न गेलेल्या जागेची आठवण केवळ सायनॅप्स बदलून त्याच्यात घालावी लागेल आणि तो टाकीत पहिल्यांदा उतरताच थेट त्या चौथऱ्याकडे पोहत जायला हवा. त्यासाठी हजारो पेशींपैकी कोणते जोड, किती प्रमाणात आणि कोणत्या क्रमाने बदलायचे, हे आधी माहीत असावे लागते. बिटनर यांची पद्धत इथे उपयोगी पडेल असे मला वाटते, कारण एका पेशीला हव्या त्या जागेची स्थानपेशी बनवणे तिच्यामुळे शक्य झाले आहे. प्रश्न अशा किती पेशी एकाच वेळी घडवता येतील याचा आहे. सृजनिका, तुम्ही त्या कामाचा इतका तपशील दिला आहे, तर पुढे अनेक पेशींवर एकाच वेळी असे करण्याचे जे प्रयत्न झाले असतील त्यावर स्वतंत्रपणे लिहिलेत तर मला वाचायला आवडेल.